सरांनी पाठ करून घेतलेलं वासरू

“थांबा,” मुलाखत घेणारे साहेब म्हणाले. “वासराचं तोंड मागं वळलं होतं, तुमच्या आईचा हात आत जाईना, मग तुम्ही हात घातला. बरोबर?”

तनुजाचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. “हाव… हो, सर.”

साहेबांच्या शेजारच्या मॅडमनी हसू लपवायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सकाळपासून ही गाय तिसऱ्यांदा वितेय. तुमच्या देवणीकडं दुसरं काही घडत नाही का हो?”

काय झालं ते तनुजाला लगेच कळलं. देवणीचे गुरुपादप्पा सर गावच्या पोरांची मुलाखतीची तयारी करून घेत, तीही फुकट. सारी नोकरी त्यांनी लातूरला शिकवण्यात घालवलेली. चांगलं उत्तर सापडलं की ते सगळ्या वर्गाकडून घोकून घ्यायचं, ही त्यांची रीत. आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग कोणता, असं विचारलं की पोरं गप्प बसायची. तनुजानं अडलेल्या गाईचं सांगितलं, तसे सर खुर्चीतून उठलेच. “ह्याला म्हणतात उत्तर!” त्यांनी ते फळ्यावर लिहिलं, शेवट जरा नीट करून दिला आणि वर्गानं पाठ केलं. तनुजानंही केलं. स्वतःचंच. त्या दिवशी तिला केवढा अभिमान वाटला होता.

आता तिच्याच वर्गातले आरती आणि विनोद तेच वासरू सांगून बाहेर बाकावर बसले होते. त्यांची नावं घ्यावीत तर त्यांची नोकरी जाणार, वर सरांचं नाव खराब. न घ्यावीत तर आपण खोट्या. आणि ही नोकरी हुकली की रविवारी बिदरची माणसं तिला बघायला येणार होती. एसटीत बसवतानाच वडील म्हणाले होते, “लागली तर तुझं ऐकू. न्हाई लागली तर माझं.”

“सर, ते माझंच हाय,” ती म्हणाली. घोकलेली भाषा कुठल्या कुठं गेली.

“ते दोघंही हेच म्हणाले.”

तनुजानं बंद दाराकडं पाहिलं.

साहेब तिचे कागद गोळा करत थट्टेनं म्हणाले, “मग वासरू उभं राहिलं, गाय त्याला चाटू लागली आणि प्रयत्न सोडू नयेत हे तुम्ही शिकलात. असंच ना?”

“न्हाई,” तनुजाच्या तोंडून निघून गेलं. “ते मागून लावलेलं हाय. माझ्या हाताला लागलं तवाच ते गार होतं. तसंच ओढून काढलं. आई म्हणली, गाय वाचली ना, जा आता, दहावीचा पेपर हाय. हात धुतले अन् गेले. कोणता पेपर दिला, ते आज बी आठवत न्हाई. मी काय बी शिकले न्हाई त्यातून, सर.”

ती पर्स उचलून उठली. आता बसण्यात अर्थ नव्हता.

साहेबांनी चष्मा परत चढवला. गोळा केलेले कागद पुन्हा समोर पसरले.

“बसा,” ते म्हणाले. “सकाळपासून सगळ्यांची वासरं जगली.”