समुद्र कुठं गेला होता

“समुद्र मागं गेला म्हंता. मंग गेला कुठं?” सकीनानं विचारलं.

जब्बारनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मुंबईहून बांगड्यांचा माल घेऊन तो आज सकाळी मंगरूळपीरला पोचला होता, आणि यायचा होता काल. सकीनाचा सगळा राग त्या एका दिवसावर होता. कामरगावचा तिचा भाऊ बाजाराला आला होता, आता परत निघायचा होता. त्याचा छकडा बाहेर लिंबाखाली उभा होता आणि तिचं गाठोडं उंबऱ्यापाशी बांधून तयार होतं.

बांगड्या भरणाऱ्याची बायको ती. नवरा दिवसभर परक्या बायांचे हात हातात घेतो, यावरून तिनं कधी शब्द काढला नव्हता. ते हात गावातले होते, तिच्या डोळ्यांसमोरचे. मुंबईतले हात तिला दिसत नव्हते.

“पुन्हा सांगतो,” जब्बार म्हणाला. “घारापुरी म्हणून बेट आहे. माल बांधून झाला, दिवस मोकळा होता, म्हणून नावेत बसून पाहाले गेलो. पहाड कोरून लेणी केली आहेत, जुन्या राजांच्या काळची. माणसापेक्षा उंच मूर्ती. माकडं तं इतकी, का एकानं माझ्या हातातली केळं पळवली. वाळूत शिंपल्याच शिंपल्या. परत निघालो तं नाव चिखलात बसलेली. पाणी मागं गेलं होतं. नाववाला म्हणे, आता पाणी येईन रातच्याले, अंधारात मी नाव सोडत नाई.”

माकडं सकीनानं मानली. मूर्तीही मानल्या. पण समुद्र दुपारी आटतो आणि रात्री भरतो, हे ऐकून घ्यायला ती काही दुधखुळी नव्हती. नदीसुद्धा आटायची तर उन्हाळा लागतो. थाप मारायची तर जरा बरी मारावी माणसानं.

“अमिरुन्निसा खालाले विचार,” जब्बार म्हणाला. “त्यायनं समुद्र पाह्यला आहे.”

अख्ख्या मोहल्ल्यात समुद्र पाहिलेली ही म्हातारी एकटीच. आगबोटीनं हजला जाऊन आलेली. तिला बोलावलं, पाट दिला, आणि जब्बारचा जीव भांड्यात पडला.

म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं. डोळे मिटून आठवूनही पाहिलं.

“जाताना पाह्यला, येताना पाह्यला,” ती म्हणाली. “चारी बाजूनं पाणी. सकाळी जेवढं, संध्याकाळी तेवढंच. बोटभर कमी झालं नाई, बेटा. हज करून आली मी, खोटं कायले बोलू?”

ती खोटं बोलत नव्हतीच. तिचा समुद्र भर दर्यातला होता, त्याला काठच नव्हता. पण हज्जनच्या शब्दापुढे मोहल्ल्यात दाद मागायची सोय नव्हती.

सकीनानं गाठोडं उचललं.

“थांब,” जब्बार म्हणाला. “गाडी चुकली माझी. बोरीबंदरच्या टेसनावर पडून राह्यलो. इतके डाव मुंबईले जाऊन गाडी चुकली, हे सांगाची लाज वाटली.”

सकीना थबकली. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

“असं आधी काहून नाई सांगतलं?”

म्हातारी हसत घरी गेली. सकीनानं भावाला निघायला सांगितलं, गाठोडं सोडलं, जब्बारपुढे भाकरी आणि आंबाडीची भाजी वाढली. मग त्याचे प्रवासातले कपडे धुवायला मागच्या दारी नेले.

पायजम्याची दुमड उलटली तेव्हा वाळलेला काळा चिखल दगडावर पडला. त्यात नखाएवढा एक खेकडा होता, वाळून कडक झालेला. तिनं चिखल जिभेला लावून पाहिला. खारट होता.

तिनं तो खेकडा आणून ताटाशेजारी ठेवला.

“टेसनावर असे खेकडे राह्यतात काय?”

जब्बारचा चेहरा खुलला. “पाह्य! खरंच गेलतो मी. पाणी खरंच मागं गेलं होतं.”

“आन् गाडी?”

“गाडी कायची चुकते? तू मानूनच नाई राह्यली होती, म्हणून सांगतलं.”

“ते तं मी लगेच मानलं,” सकीना म्हणाली. “तुमची पापणीबी नाई हालली सांगताना.”

जब्बार हसला. ती हसली नाही. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. मघाशी राग होता, तो बरा होता. आता तिला भीती वाटत होती.

“असं अजून काय काय मानलं असंन मी?”

बाहेर छकडा केव्हाच निघून गेला होता.