सोयीची बॅग

जावयाच्या पत्राला मी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. "बाबा, सुट्टीत आमच्याकडे या, डिस्क गोल्फला जाऊ. सामानाची बॅग तुम्हाला सोयीची वाटेल तीच घेऊ. एका खांद्यावरची की पाठीवरची, तेवढं कळवा."

मला आजवर कुणी कुठल्या खेळात घेतलं नव्हतं. लांबच्या टोपलीत चकत्या फेकायच्या असतात, एवढं वाचून कळलं. मग रोज दार लावून डब्याचं झाकण बादलीत फेकत राहिलो. दहातले चार नेम लागायला लागले, तेव्हा धीर करून लेकीला फोन केला.

"जमेल गं मला फेकायला."

ती खळखळून हसली. "अहो बाबा, तुम्ही कुठे फेकताय? फेकणार आम्ही! यांना डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलंय. मग बॅग घेऊन मागे फिरायला कुणीतरी नको का?"



त्याच दुपारी उत्तर टपालपेटीत टाकलं: "पाठीवरची घ्या. हात मोकळे राहिले, तर तुमच्या चकत्याही वेचून आणीन."