आठ माणसांची नाव

आनंदरावांची जुनी लाकडी नाव तीन वर्षं डांबराविना भाटघर धरणाच्या पाण्यात कुजत होती. ती बाहेर ओढायला आठ माणसं लागायची आणि वस्तीवर उरली होती नुसती म्हातारी. दर उन्हाळ्यात आनंदराव पुण्यातल्या पोरांना, पुतण्यांना फोन लावायचे. सगळे म्हणायचे, "येतो की रविवारी."

यंदा आनंदरावच गेले. दहाव्याला पाण्याकाठी पिंड ठेवला, तर कावळे बाभळीवर नुसते बसून राहिले. थोरल्या रोहिदासनं हात जोडले, "आईला सांभाळतो, आबा." तरी एक कावळा हलेना. शेवटी आनंदरावांच्या पत्नी अंबूबाई म्हणाल्या, "त्यांची नाव काढायची ऱ्हायलीय."

पंधरावीस जण पाण्यात उतरले. एका दमात नाव काठावर आली आणि लगेच कावळा शिवला. दहावा-तेरावा त्याच दिवशी उरकून, कापूरहोळला ट्रॅफिक लागायच्या आत सगळे पुण्याला निघून गेले.

अंबूबाईंनी एकटीनं चार दिवस खपून नावेला डांबर लावलं. पाचव्या दिवशी रोहिदासचा फोन आला.

"झाली का गं आई, नाव?"

"झाली. पन पाण्यात लोटायलाबी आठ माणसं लागत्यात."

"मग येतो की रविवारी."

 

"घाई न्हाई रं बाबा. माझ्या दहाव्याला जमाल, तवा लोटा."