उजवीकडचा उजेड

मागाली खिडकीचं माप घेत होती. एलादिओ दारात येऊन थांबला, तरी तिला कळलं नाही. ओठांत पेन्सिल, हातात शिंप्याची टेप.

"लिलाव व्हायचाय अजून," तो म्हणाला.

ती दचकली. "बाई गं, प्रोफे! नुसतं बघत होते. काय सुंदर उजेड आहे ना इथं?"

टेबलही तिनं सरकवून ठेवलं होतं, खिडकी उजव्या हाताला येईल असं. म्हणजे लिहिताना हाताची सावली नेमकी कागदावर. एवढं साधं कळत नाही हिला, एलादिओच्या मनात आलं, आणि टीव्हीवर जाऊन देशाला जकात समजावते.

संस्थापक गेल्यापासून ती खोली रिकामी होती. बाहेर लापाचोचं झाड, जुलै-ऑगस्टात गुलाबी होणारं. पॅराग्वेतल्या असुन्सिओनच्या या संस्थेत एलादिओची बावीस वर्षं गेली होती, बाजार मोकळा असावा हे लोकांना पटवून देण्यात. बावीसही वर्षं जिन्याखालच्या खोलीत, भर दुपारी दिवा लावून.

दुसऱ्या एखाद्या कचेरीत वयाच्या मानानं ही खोली त्यालाच मिळाली असती. पण ज्येष्ठता, वशिला आणि वरून होणारं वाटप यांविरुद्ध इथं सगळ्यात जास्त त्यानंच लिहिलं होतं. खोल्यांचा लिलाव करायचा हा नियमही त्याचाच. बोली पैशांत नाही, साठलेल्या रजेत. घरच्या श्रीमंतीचा जोर चालू नये म्हणून. चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहायच्या: किती दिवस, आणि खोलीत कोण बसणार.

मागाली तीन वर्षांपूर्वी आली. पहिल्याच दिवशी ती त्याचं जुनं पुस्तक घेऊन सहीसाठी उभी राहिली. पानं पिवळी पडलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा. त्यानं सही केली. नेहमीप्रमाणे डाव्या तळहाताच्या कडेला शाई लागली आणि ती हसली. लोणी लावायला आलीय, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. नंतर तर खात्रीच पटली. पूर्वी काही अडलं की संचालिका निमियाबाई म्हणायच्या, एलादिओला विचारा. आता म्हणायच्या, मागालीला विचारा.

गुरुवारी दहा वाजता सगळे अंगणात तेरेरेला बसले. थंड पाण्यात भिजवलेल्या त्या पाल्याचा, सगळ्यांत फिरणारा शिंगाचा पेला आज मागाली भरून देत होती.

"काय प्रोफे," कारकून सेल्सो म्हणाला, "गादीवर नवी राणी बसणार म्हणे!"

"गप रे, सेल्सो," मागाली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"मागाली, मंत्रालयासाठीचं टिपण या वेळी तूच लिही," निमियाबाई म्हणाल्या.

एलादिओनं एक घोट घेतला आणि पेला परत केला. "धन्यवाद."

इथं धन्यवाद म्हटलं की तुमची पाळी संपली. पेला पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

"एवढ्यात? कडू झालंय का माझ्या हातचं?"

"पोट बरं नाही."

पोटाचं कुणालाच खरं वाटलं नाही.

दुपारी स्पेनमधल्या मालागाहून मुलीचा फोन आला. तिला आठवा लागला होता. "बाबा, नक्की ना? मागच्या वेळेसारखं ऐन वेळी परिषद बिरिषद काढाल."

"तिकीट काढलंय गं. महिनाभर मुक्काम. लंगोट बदलायलाही शिकेन."

"तुम्ही? आधी स्वतःचे मोजे नीट घाला."

तो हसला. फोन ठेवून त्यानं चिठ्ठीवर दहा हा आकडा लिहिला. साठलेल्या एकतीस दिवसांतले एकवीस उरले असते. शनिवार-रविवार धरून महिन्याला तेवढे पुरले असते.

इतक्यात सेल्सो डोकावला. "मागालीचा लखोटा आत्ताच पेटीत पडला. रजा किती शिल्लक आहे, विचारत होती. सगळीच लावली असणार बघा."

"तिला एवढी कशाला हवीय ती खोली?"

"कुणास ठाऊक. पडद्याचं कापडसुद्धा आणलंय. तुमच्या कोटासारखं राखाडी."

म्हणजे कोटाचीही थट्टा. एलादिओनं चिठ्ठी फाडली. नव्या चिठ्ठीवर त्यानं एकतीस लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव. बाळ काय, पुढच्या वर्षीही बाळच असणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मुलीला काय सांगायचं, ते मात्र सुचलं नाही.

शुक्रवारी बारा वाजता पेटी टेबलावर आली.

"नियम तुम्हीच वाचा," निमियाबाई म्हणाल्या. "तुमचेच आहेत."

त्यानं वाचले. "पेटी उघडल्यावर बोली मागे घेता येणार नाही. कारण कोणतंही असो."

"आणि आपल्याकडे शब्द म्हणजे शब्द," निमियाबाई म्हणाल्या. " नाहीतर उद्या सरकारला कोणत्या तोंडानं सांगणार? कुणाला मागे घ्यायची असेल तर आत्ता घ्या."

एलादिओनं मागालीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघून हसली, एखादं गुपित दाबून ठेवल्यासारखी. त्यानं मान हलवली. "उघडा."

पहिली चिठ्ठी सेल्सोची निघाली. तीन दिवस.

"एवढ्यात झाडाखाली बाकसुद्धा मिळणार नाही, सेल्सो!"

"बाक चालेल, बाई. पण उशी द्या."

दुसरी चिठ्ठी उघडून निमियाबाईंनी चष्मा वर केला. "एकतीस दिवस. खोलीत बसणार एलादिओ काबान्यास."

टाळ्या झाल्या. मागालीनं वाजवल्या नाहीत. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एलादिओला आतून गोड वाटलं. तीन वर्षांत इतकं गोड काही वाटलं नव्हतं.

"सगळे, प्रोफे?" ती कशीबशी म्हणाली. "आणि मालागा?"

"बघू," तो म्हणाला.

एवढी रजा संस्थेत दुसऱ्या कुणाचीच साठलेली नव्हती; निमियाबाईंनी वहीत त्याचं नाव लिहिलं आणि खाली शिक्का मारला. मग रीत म्हणून शेवटचा लखोटा उघडला.

"मागाली. अठरा दिवस. खोलीत बसणार..." त्या थांबल्या. चिठ्ठी त्यांनी उजेडाकडे धरली आणि हळूच वाचलं, "एलादिओ काबान्यास."