साबण वेगळा

"मामा, तुम्ही साबण लावता की खाता?"

भाचीने उगाच नाही विचारलं. कपाटात साबणाच्या एकतीस वड्या होत्या, शेजारी चहाची एकतीस पाकिटं. सगळं एका रेषेत, दुकानात मांडावं तसं. वड्या खाकी कागदात बांधलेल्या, एकही सोडलेली नव्हती. मामांनी चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं होतं. त्यांना वेड लागलं तरी ते नीटनेटकंच लागणार, असं तिच्या मनात आलं.

"आजची ऑर्डर राहिलीय," मामा म्हणाले. "अकराच्या आत टाकायची."

फोनवरून सामान मागवायला तिनेच त्यांना शिकवलं होतं. पहिल्या दिवशी यादी शहाण्या माणसासारखी होती: तांदूळ, तेल, मीठ, चहा, साबण. दुसऱ्या दिवसापासून नुसता चहा आणि साबण. रोज. मंगळवार तेवढा वगळून.

आईने तिला बजावून पाठवलं होतं, "माझ्या भावाचं डोकं ठिकाणावर आहे का ते बघून ये. नसेल तर त्याला इकडे आणू आणि दुकानाची ती जागा विकून टाकू." मामा त्या बंद दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. त्याला दुकानात कॉम्प्युटर आणायचा होता, फोनवर ऑर्डरी घ्यायच्या होत्या. मामांनी भर गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं, "पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस." बापाचं एकही न ऐकणाऱ्या पोराने नेमकं एवढंच ऐकलं. तेव्हापासून मामांसमोर त्याचं नाव कोणी काढत नसे.

"मामा, खरं सांगा. आईला मी काय सांगू?"

मामांनी कपाटातली एक वडी काढून तिच्या हातावर ठेवली. कागदाची कडा आत खोचलेली, ना दोरा ना चिकटपट्टी.

"तुझ्या घरी साबण असा येतो?"

"छे! सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं असतं."

"ही घडी मी एकालाच शिकवली होती," मामा म्हणाले. "आठ दिवस लागले. चार धपाटे खाल्ले त्याने. चहाला साबणाचा वास लागला की गिऱ्हाईक तुटतं."

भाचीने वडी उलटून ती घडी पुन्हा पाहिली.

मामा मात्र जमाखर्च सांगावा तसे सांगत होते. सकाळी अकराच्या आत मागवलं की साबण बांधून येतो. दुपारी मागवून पाहिलं, उघडा आला. एका मंगळवारी मागवून पाहिलं, उघडा आला. म्हणजे काम सकाळचं आणि सुट्टी मंगळवारची. उघडे आले ते साबण-चहा घरात वापरले. "पिशवीवर माझं नाव असतं, पत्ता असतो. कुणासाठी बांधतोय ते त्याला ठाऊक आहे."

"अहो, मग जा ना भेटायला! सामान पाठवणाऱ्यांचं गोदाम दोन गल्ल्या सोडून तर आहे!"

"मी त्याला पायरी चढू नकोस म्हटलं. आता त्याच्या पायरीशी कुठल्या तोंडाने जाऊ?"

भाचीला इतकं भरून आलं की थोडा वेळ तिला फोनवरचं काही दिसेना. मग तिने डोळे पुसले आणि ऑर्डरीच्या खालचा एक रिकामा चौकोन मामांना दाखवला. 'सामान भरणाऱ्यासाठी सूचना'. इथे लिहिलेलं पिशवीच्या चिठ्ठीवर छापून येतं, ती म्हणाली. तिने दोनदा घड्याळ दाखवलं. अकराला दहा कमी असताना त्यांनी मजकूर सांगितला.

'घडी बरोबर आहे. किल्ली जुन्याच जागी आहे.'

"आणि 'ये' असं नको लिहायला?"

"एवढं पुरे. जास्त बोलून एकदा बघितलंय."

अर्ध्या तासात पिशवी आली. साबण नेहमीसारखाच बांधलेला. मामांनी आज पहिल्यांदा कागद सोडला, उलटसुलट करून पाहिला. कोरा होता. त्यांनी तो परत होता तसा घातला आणि वडी रांगेत ठेवून दिली. भाचीने आईला फोन करून सांगितलं, डोकं ठिकाणावर आहे, माझ्यापेक्षा जास्त. बाकी काही सांगायची तिला हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती सकाळीच हजर. तिनेच नऊ वाजता ऑर्डर टाकली, तिनेच दारात जाऊन पिशवी घेतली. आत डोकावली आणि तिचा चेहरा पडला. साबण उघडा होता, चहाच्या पाकिटाला चिकटून पडलेला. कोणीतरी दोन्ही वस्तू नुसत्या टाकून दिल्या होत्या.

"मामा," ती चाचरत म्हणाली, "आज... आज बांधलेला नाहीये. आपलं चुकलंच बहुतेक. त्याला राग आला असेल."

मामांनी पिशवीत वाकून पाहिलं. चहाचं पाकीट नाकाशी नेलं. साबणाचा वास त्यांना आला असणार. उठले, खुंटीवरचा धुतलेला सदरा काढला आणि अंगात चढवू लागले.

"आज मंगळवार नाही," बटण लावता लावता ते म्हणाले, "आणि तो कामावर गेलेला नाही. चहा ठेव. तीन कप."