टेबलाखालचा पुरावा

"या सुताराला नोकरीत कायम करतो, असं मी कधी म्हणालोच नाही," मालकांनी शपथेवर सांगितलं.

"मिस्त्री, लेखी काही आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आहे ना साहेब. काम चालू असताना कोण काय बोललं, ते फळीच्या खालच्या अंगाला पेन्सिलीनं लिहायची मला खोड आहे. माल बाहेर पडताना मालक तिथेच तपासल्याची सही ठोकतात. न वाचता."

"मग ती फळी आणायची ना!"

"कशी आणणार? हे टेबल मीच केलंय. आपण त्या फळीवरच कोपरं टेकून बसलाय."

मालकांचे वकील घाईघाईनं पुढची तारीख मागू लागले, पण खुर्चीत न्यायाधीशच दिसेनात.

टेबलाखालून आवाज आला, "मालक, जरा खाली या. सही ओळखायचीय."