खिशातली चावी

दुपारी दोनला जाकिटाच्या खिशात ताईच्या हाताला चावी लागली. परदेशातल्या डोंगरांवर ग्लायडरची स्पर्धा चालू होती. तिचा धाकटा भाऊ शिखरांच्याही वर होता. त्याच्या पाठीमागचा ऑक्सिजनचा सिलिंडर या चावीने उड्डाणापूर्वीच बाहेरून उघडावा लागे. घरच्या टेकड्यांवर ऑक्सिजन कधी लागलाच नव्हता. ते काम ताईचं होतं, पण सकाळच्या घाईत ती विसरली. तिने वायरलेस उचलला. “बाळ्या, लगेच खाली ये. सिलिंडर बंद राहिलाय!” “नळी लावलीय की नाकाला! आपण पहिले आहोत गं!” तो खिदळला. उड्डाणात तो कधी हसत नसे. विरळ हवेत आधी हसू येतं, मग झोप. हे तिनेच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. “आईसारखी ओरडू नकोस, ताई. जरा डोळे मिटतो.” “मिटू नकोस! बोल माझ्याशी!” नुसती खरखर आली. समोरच्या पडद्यावर त्याच्या ग्लायडरची उंची दाखवणारा ठिपका अजून वर चढत होता.